कॅशमध्ये अडकलेले रिचार्जचे पान

मागच्या नोंदीत मी जरा तोऱ्यातच लिहिले होते की, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावरचा ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजे आपल्या कॅशमध्ये, म्हणजे साठ्यात, ठेवून बाकीच्या यंत्रांना देणारा मध्यस्थ प्रोग्राम) आता इतका स्थिरावला आहे की त्याच्याकडे ढुंकूनही पाहावे लागत नाही. तो तोरा पंधरा दिवसही टिकला नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेतील सहाही डेबियन लिनक्स यंत्रांनी एके सकाळी अपडेट घेण्यास नकार दिला आणि पुढचे नऊ दिवस मी चुकीच्या जागी खणत राहिलो. खरे कारण काल रात्री सापडले. त्यातला निम्मा दोष माझाच आहे.

तक्रार अशी होती. बुकवर्मच्या, म्हणजे डेबियन १२ च्या, पॅकेजे पुरवणाऱ्या तीन स्रोतांपैकी ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन्ही बिनबोभाट येत होते, फक्त मुख्य स्रोताची इनरिलीज फाइल (स्रोताची स्वाक्षरी केलेली अनुक्रमणिका) ग्राह्य नाही असे डेबियनची पॅकेजे आणणारे ॲप्ट म्हणत होते. संदेशात ‘नोस्प्लिट’ हा शब्द होता आणि त्यापुढे कंसात, या नेटवर्कला ओळख पटवून द्यावी लागते का, असा प्रश्न होता. तो प्रश्न मी पहिल्या दिवसापासून वाचत होतो आणि ‘घरच्या नेटवर्कला कसली आली ओळख’ म्हणून सोडून देत होतो.

नेहमीचे उपाय मी नेहमीच्याच क्रमाने केले. यंत्रांवरच्या जुन्या याद्या पुसल्या, घड्याळे तपासली (पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्यामुळे संशयाची सुई आधी तिकडेच वळते), कॅशरची सेवा पुन्हा सुरू केली. मग मिरर, म्हणजे डेबियनच्या फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर, बदलून पाहिला. एकापाठोपाठ तीन वेगळे मिरर घातले, तरी चूक अक्षरशः तीच. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की दोष डेबियनकडेच असावा, कारण तीन मिरर एकाच वेळी सारखेच बिघडतील कसे? इथे मी सपशेल फसलो. ॲप्ट-कॅशर-एनजी आपल्या मूळ मांडणीतच सगळे डेबियन मिरर ‘डेबरेप’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये एकवटतो. पत्ता कोणताही घातला तरी यंत्राला मिळते ती त्याच फोल्डरमधली तीच फाइल. मिरर बदलणे म्हणजे त्याच विहिरीतून दुसऱ्या पोहऱ्याने पाणी काढणे होते.

दरम्यान अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने विचारले, “काका, तुमची पेटी परत रुसली का?” पेटी म्हणजे आमचा पाय ४. मी त्याच्या यंत्रावरची, मागणी पेटीकडे वळवणारी प्रॉक्सीची ओळ तात्पुरती काढून टाकली, आणि अपडेट पहिल्या फटक्यात झाले. पेटीच रुसली होती, हे तेव्हा सिद्ध झाले. आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर आठवडाभर होती. जुनी पॅकेजे काढून टाकणारे रोजचे साफसफाईचे काम अनुक्रमणिकेत चुका आढळल्या म्हणून मध्येच थांबत होते आणि डिस्क हळूहळू भरत चालली होती. तो अहवाल मी वाचलाच नव्हता.

काल रात्री अखेर डेबरेपमध्ये शिरून बुकवर्मची इनरिलीज फाइल उघडली. एरवी तिची पहिली ओळ पीजीपी स्वाक्षरीची असते आणि फाइल साधारण दीडशे केबीची. इथे होते जेमतेम तीन केबीचे एचटीएमएल, त्यात एका मोबाइल कंपनीचे चिन्ह आणि ‘आपल्या प्लॅनची मुदत संपली आहे, रिचार्ज करा’ अशी सूचना! शेजारच्या, सर्व्हरच्या उत्तराचा तपशील ठेवणाऱ्या ‘.हेड’ फाइलमध्ये उत्तराचा क्रमांक २०० (म्हणजे सगळे ठीक), प्रकार टेक्स्ट-एचटीएमएल आणि ‘लास्ट-मॉडिफाइड’ची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख तक्रार सुरू झाली त्याच दिवसाच्या पहाटेची होती.

मग सगळे उलगडले. सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या भागातले रस्ते उकरायला लागल्यापासून फायबर अधूनमधून तुटते, आणि त्या काळात मी फोर-जी राउटर जोडतो. त्या रात्री सिमची मुदत मध्यरात्री संपली आणि मी रिचार्ज केला सकाळी सातला. मधल्या वेळेत, घरच्या सतत चालू असणाऱ्या यंत्राने आपल्या वेळापत्रकानुसार पहाटे याद्या मागितल्या, कंपनीने साध्या एचटीटीपीवरच्या त्या मागणीला आपले पान चिकटवले, आणि कॅशरने ते इनरिलीज समजून जपून ठेवले. मागणी दुसऱ्या पत्त्याकडे वळवून (रीडायरेक्ट करून) आलेले उत्तर एचटीएमएल असेल तर ते नाकारण्याची सोय ॲप्ट-कॅशर-एनजीत आहे. पण या कंपनीने दुसरीकडे न पाठवता थेट २०० क्रमांकानेच पान दिले, त्यामुळे ती सोय निरुपयोगी ठरली. स्वाक्षरी जुळल्याशिवाय ॲप्ट पुढे जातच नाही, म्हणून नुकसान काही झाले नाही.

पण रिचार्ज झाल्यावरही नऊ दिवस ते पान का टिकले? इथे माझा निम्मा वाटा येतो. दोन नोंदींपूर्वी हॅश (फाइलीचा पडताळणी-आकडा) न जुळण्याच्या एका वेगळ्या तक्रारीवर उपाय म्हणून मी कॅशरच्या ‘व्हीफाइलयूजरेंजऑप्स’ या सेटिंगचे मूल्य शून्य केले होते आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. शून्य केल्यावर कॅशर मिररला एवढेच विचारतो की, माझ्याकडच्या प्रतीच्या तारखेनंतर फाइल बदलली आहे का? माझ्याकडची ‘प्रत’ होती त्या पहाटेची, तर बुकवर्मच्या मुख्य स्रोताची इनरिलीज फक्त पॉइंट रिलीजच्या (साचलेल्या दुरुस्त्या एकत्र करून काढलेल्या उप-आवृत्तीच्या) वेळी बदलते, म्हणजे तिची तारीख कितीतरी जुनी. मिरर प्रामाणिकपणे ३०४ म्हणत राहिला, म्हणजे काही बदल नाही, आणि कॅशर तितक्याच प्रामाणिकपणे रिचार्जचे पान वाढत राहिला. ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’च्या याद्या वरचेवर नव्याने तयार होत असल्यामुळे त्या आपोआप बऱ्या झाल्या होत्या. तीनपैकी एकच स्रोत का बिघडला, याचे उत्तर हेच.

दोन्ही फाइली पुसल्या आणि तीस सेकंदांत सहाही यंत्रे मार्गी लागली. साचलेले अपडेट नव्या कर्नलसकट (यंत्रणेच्या गाभ्यासकट) प्रत्येकी ४१० एमबीचे होते. पहिल्या यंत्राने ते बाहेरून आणले, उरलेल्या पाचांना घरातल्या घरात मिळाले. म्हणजे २,०५० एमबी वाचले, आणि तेही रोजच्या दीड जीबीच्या सिमवर. अहवालाच्या पानावरचा तो आकडा मी दोनदा जाऊन पाहिला.

हे पुन्हा घडू नये म्हणून रात्रीच ते मूल्य उणे एक केले, म्हणजे कॅशर तारीख न विचारता याद्या दरवेळी नव्याने आणतो. पण ही नोंद लिहिता लिहिता लक्षात आले की हा उपाय आजाराच्या लक्षणावरचा आहे. कॅशरच्या ‘बॅकएंड्स-डेबियन’ फाइलमध्ये मिररचा पत्ता एचटीटीपीएसने दिला तर यंत्रे कॅशरशी साध्या एचटीटीपीवरच बोलतील, कॅशर मात्र बाहेर सुरक्षित जोडणीने जाईल. मग मधल्या कोणी पान घुसवायचा प्रयत्न केला तर प्रमाणपत्र जुळणार नाही आणि साठवण्याऐवजी सरळ चूक दिसेल. आत्ताच तसे केले, सिक्युरिटीच्या रीमॅप ओळीतही (कोणती मागणी कोणत्या मिररकडे न्यायची ते सांगणाऱ्या), आणि ते मूल्य परत मूळच्या एकवर आणले. ॲप्रॉक्स या अशाच दुसऱ्या कॅशरकडे जाण्याचा विचार त्यामुळे बारगळला. त्याऐवजी इनरिलीजची पहिली ओळ पीजीपीची आहे की नाही, एवढे दर तासाला पाहणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावतो आहे.

जाता जाता डिस्कविषयी. एम.जी. रोडवरून घेतलेली वापरलेली २४० जीबीची एसएसडी उत्तम चालते आहे, पण तिच्याबरोबरचा स्वस्त यूएसबी अडॅप्टर जड लेखनाच्या वेळी सुटत असे. दुकानदाराने तो कुरकुर न करता बदलून दिला. अडॅप्टरवर पैसे वाचवू नयेत, हे माझे मत आता पक्के आहे.

सगळी यंत्रे ट्रिक्सीवर, म्हणजे डेबियन १३ वर, नेण्याचे काम पुढच्या रविवारी ठरवले होते, त्यात थोडा बदल आहे. सहांपैकी एक यंत्र ३२-बिट आहे आणि डेबियन १३ मध्ये त्या यंत्रांसाठी इंस्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत, त्यामुळे ते बुकवर्मवरच राहील आणि कॅशमध्ये दोन्ही आवृत्त्या ठेवाव्या लागतील. उरलेल्या पाचांपैकी एक शनिवारी रात्री फायबरवरून चढवतो, म्हणजे रविवारी सकाळपर्यंत कॅश भरलेला असेल. पायथनच्या पॅकेजांसाठी डेवपी हा तसाच कॅशर बसवण्याचेही डोक्यात आहे. त्याचा पोर्ट ३१४१ आणि आपल्या कॅशरचा ३१४२, तेव्हा दोघे एकाच पेटीत सुखाने राहतील. सिमची मुदत २८ तारखेला संपते, ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.