प्रेक्षकाचा भाव

आज दिवसभर एका मालिकेचं मिनिटागणिक रेटिंग बघत होते. ब्रेक लागला की रेषा घसरते, भाग सुरू झाला की पुन्हा वर. दाराची बेल वाजते आणि कोण आलंय हे कळायच्या आत जाहिरात येते, ती त्याचसाठी! चॅनेल जाहिरातदाराला प्रेक्षक विकतं, दर हजारी भावाने. त्यात तरुण, खर्चिक प्रेक्षक महाग. सगळ्यात निष्ठेने बघणारे आजी-आजोबा मात्र स्वस्त, आणि हे मला फार खटकतं. १९७१च्या सुमारास अमेरिकेत सीबीएस या चॅनेलने ग्रामीण, वयस्कर प्रेक्षकांच्या चांगल्या चालणाऱ्या मालिकाही बंद केल्या, कारण जाहिरातदारांना शहरी तरुण हवे होते. तेव्हा नुसती प्रेक्षकसंख्या बघून मालिकेचं भवितव्य सांगू नका, वयोगटाचा रकाना आधी उघडा.