क्राससचा शिपाई मर्वला उतरवताना

दिवाळी अंकासाठी ऐतिहासिक कथा हवी होती आणि क्राससच्या शिपायांनी मला केव्हाचं झपाटलेलं होतं. इ.स.पू. ५३ मध्ये हा रोममधला गडगंज श्रीमंत माणूस सात लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी, घेऊन इराणकडच्या पार्थियनांवर चालून गेला. कार्हीला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या हार्रानजवळ, पार्थियन सेनापती सुरेनाच्या घोडेस्वार तिरंदाजांनी त्याची धूळधाण उडवली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या हिशेबाने २०,००० मेले, १०,००० जिवंत हाती लागले. मला लिहायचं होतं ते या दहा हजारांतल्या एकावर.

हा विषय काढला की ऐकणारा थेट चीन गाठतो. इ.स.पू. ३६ मध्ये चीनच्या हान सैन्याने मध्य आशियात तलास नदीकाठी झिझी या श्यॉन्गनू (भटक्या टोळ्यांच्या) राजाचा कोट जिंकला. कोटाच्या दाराशी शंभरावर पायदळ माशाच्या खवल्यांसारखं दाटून उभं होतं, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. ही रोमनांची ढालींची रचना, आणि पुढे याच लोकांना चीनच्या गान्सू प्रांतात लीच्येन इथे वसवलं, असा तर्क अभ्यासक होमर डब्जने विसाव्या शतकात मांडला. तिथल्या आजच्या रहिवाशांच्या डीएनए तपासणीने त्याला दुजोरा दिला नाही. कथेला डीएनए लागत नाही, मान्य. पण माझी गाडी अडली ती मधल्या सतरा वर्षांवर. विशीतला कैदी सदतिशीचा होईपर्यंत कुणाची भाकरी खात होता? ते टाळून एकदम तलासच्या कोटावर उडी मारली तर हातात उरतात नुसत्या ढाली.

म्हणून मागे आले. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की कैदी मार्जियानात नेले. म्हणजे मर्व, आजच्या तुर्कमेनिस्तानात. चारी बाजूंनी वाळवंट आणि मुर्गाब नदीच्या पाण्यावर पिकणारा मधला पट्टा. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने इथल्या द्राक्षवेलींचं वर्णन केलंय: बुंधा इतका जाड की दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावा, घड दोन-दोन हात लांब. अतिशयोक्ती असेल, पण माझ्या कथेला उभं राहायला खांब मिळाला. रोमन कवी होरेस एका कवितेत क्राससच्या मार्सियन आणि आपुलियन, म्हणजे इटलीतल्याच, शिपायांवर भडकलाय, म्हणून माझा शिपाई आपुलियाचा. त्याला मी पाटाचा गाळ उपसायला लावलं. यात अवघड काही नव्हतं, कारण मोहिमेवर रोज मुक्काम पडला की खंदक खणायचा, ही लीजनची सवयच. आपल्या रोजच्या रामरगाड्यात फरक फक्त मुकादमाचा, असं तो पहिल्याच पानावर म्हणतो.

लढाई लिहायचा मोह मात्र सुटेना. प्लुटार्कमध्ये एक जागा आहे: क्राससचा मुलगा पब्लियस चढाईचा हुकूम देतो, तेव्हा शिपाई त्याला आपले हात दाखवतात. बाणांनी ते ढालींना खिळलेले असतात, पाय जमिनीला. यावर मी पानंच्या पानं लिहिली आणि मग काढून टाकली. ठेवला तो एवढाच तपशील: गाळ उपसताना त्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नाहीत. बायको विचारते, तो सांगत नाही.

बायको होरेसनेच दिली. क्राससचे शिपाई परक्या बायका करून शत्रूच्या, म्हणजे सासऱ्यांच्याच, पदरी म्हातारे झाले, असा त्याचा संताप. आपल्याकडे घरजावयाकडे ज्या नजरेने बघतात, अगदी तीच नजर. हे वाचून मला होरेसपेक्षा सासऱ्याचाच जास्त विचार आला. रोमन जावई करून घेणाऱ्या त्या माणसाला शेजारी काय म्हणत असतील! कथेतला सगळ्यात रंगलेला भाग तोच.

शेवट रोमन इतिहासकार डियोने दिला. इ.स.पू. २० मध्ये पार्थियन राजा फ्राटेसने रोमनांची निशाणं आणि कैदी परत केले. काहींनी लाजेने जीव दिला होता आणि काही जण लपून मागेच राहिले, असंही तो नोंदवतो. माझा शिपाई तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. यादी करणारे मर्वला येतात, तेव्हा तो सासऱ्याच्या द्राक्षाच्या मळ्यात आहे आणि सासरा, ज्याने जन्मभर त्याला टोमणे मारले, दारात उभं राहून सांगतो की इथे कुणी रोमन नाही.

संपादकांचा निरोप आला, सगळं ठीक, पण चीन कुठाय? मी कळवलं, चीन नाही. कथा छापली, वरती चित्र मात्र चीनच्या भिंतीचं.