आधी मराठी वाचून घेतलं
आज विश्रामबागच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात एका ताईंना मराठी पेपरातली छोटी बातमी वाचायला दिली. बोलायला चटपटीत, हळदीचे भाव तोंडपाठ. पण बोट ओळीवरून निसटत होतं, 'कमल'चं 'कलम' झालं. इंग्रजीत 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल रोजचीच. अडचण फक्त इंग्रजीत असती तर सराव कमी पडतोय म्हटलं असतं. दोन्हीकडे दिसली म्हणून शाळेबद्दल विचारलं.

"मॅडम, मला 'ढ' म्हणायचे." एवढंच बोलून पदराने डोळे पुसले. पोटात कालवलं माझ्या.

आधी डोळे-कान तपासून घ्या म्हटलंय, मग तज्ज्ञांकडे. माझी पडताळणी म्हणजे निदान नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (हुशारी असूनही वाचण्या-लिहिण्यात सतत येणारी अडचण) आहे, पण चाळिशीतल्या बाईला हे सांगतंय कोण? उद्या त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातले कागद काढून नेणार आहे.