आदरणीय बाबा

इंदूरला भंवरकुआंवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कोचिंगवाल्या पोरांची इथे तोबा गर्दी. त्यांनी व्हॉट्सॲपवर फाइल टाकायची, मी प्रिंट काढायची. मी पानं मोजतो, वाचत नाही. वेळ कुणाला आहे?

परवा दुपारी एक मुलगा आला. "अंकल, दोनों साइड निकाल दो।" बासष्ट पानं होती. अकराव्याला कागद अडकला. झाकण उघडून चुरगळलेलं पान ओढलं, कुठवर छापलंय ते बघायला सरळ केलं, तर मराठी! 'तीन वाजले. झोप नाही. घरी खोटं बोललोय. नकोसं झालंय सगळं.' खाली चॅटबॉटचं उत्तर.

उत्तर तसं वाईट नव्हतं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला होता, चोवीस तास चालणारा. पण लगेच खाली, 'वडिलांना पत्र लिहून देऊ का?' आणि पत्र तयारच. 'आदरणीय बाबा, मी सध्या एका संवेदनशील टप्प्यातून जात आहे.' अरे, बापाला आदरणीय कोण म्हणतं? ते लग्नपत्रिकेत शोभतं.

दुसऱ्याचं वाचलं, ही माझी चूकच. पण वाचून झाल्यावर नुसते पैसे घेऊन 'चलो, नेक्स्ट' म्हणायला जीभ रेटेना.

"त्या नंबरावर फोन केलास का रे?" मी मराठीत विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "काका, तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. चुकलं माझं."

बराच वेळ तो काउंटरवरच्या पिना गोळा करत राहिला. मग हळूहळू बोलला. बऱ्हाणपूरचा, घरी केळीचा मळा. मध्य प्रदेश राज्यसेवेची मुलाखतही झालेली, पण नाव तेरा टक्क्यांत. इथल्या पोरांना हे सांगावं लागत नाही: ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, म्हणून २०२२ पासून जागांचा निकाल ८७ टक्के आणि १३ टक्के असा विभागलेला, आणि १३ टक्क्यांचा अंतिम निकाल रोखून ठेवलेला. पास नाही, नापासही नाही. यानं घरी 'झालं' म्हणून सांगून टाकलं. बापानं गावभर पेढे वाटले.

"चॅटबॉटला सांगितलं की तो तोंड वाकडं करत नाही, काका. घरीही कळत नाही."

"आणि हे?" मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अख्ख्या गल्लीची आधार कार्डं, त्यातच याचं गुपित. त्याच्यादेखत फाइल उडवली, व्हॉट्सॲपवरची पुसली, रिसायकल बिनही रिकामी केली. माझ्या हातात तेवढंच. कंपनीच्या सर्व्हरवरचं मी कुठून पुसणार? डॉक्टर-वकिलाशी बोललेल्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते चॅटजीपीटीशी बोललेल्याला नाही, हे तर ती बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन २०२५ मध्ये स्वतःच म्हणाले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. आधीच घाबरलेला होता.

"इथून लाव फोन," म्हटलं. शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. दोन गिऱ्हाइकं परत गेली. वीसेक मिनिटांनी त्यानं हाक मारली.

"काका, एक कोरा कागद मिळेल?"

लॅमिनेशनच्या मशीनपाशी स्टुलावर बसून त्यानं लिहायला घेतलं. वर 'बाबा' एवढंच दिसलं. मग मी पाठ फिरवली आणि कुणाची तरी आधार कार्डं कापत बसलो.