खोडरबर, मीठ, कोळसा आणि आठ संगणक

आजोळच्या शाळेला जुने संगणक देणार आहे म्हटल्यावर गुरुजी खूश होतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी आधी चहा सांगितला, मग कपाटातून एक लांबलचक रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. "हे बघा सर, आमचे संगणक."

जडवस्तू संग्रह नोंदवहीत पाच संगणक, एक प्रिंटर आणि एक यूपीएस अशी नोंद होती. शेजारच्या खोलीत ते होतेसुद्धा, पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्यांमागे, प्लॅस्टिकची कव्हरं घालून. कधीतरी कुठल्याशा योजनेतून आलेले. दुसऱ्या वर्षी यूपीएस बसला, मग एकेक करत सगळेच बसले. दुरुस्तीला निधी नाही, आणि टाकून द्यायचे तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तालुक्याला पाठवायचा. तोवर दर तपासणीला ते मोजून दाखवायचे. "आता तुम्ही आठ देणार. म्हणजे आम्ही तेरा मोजायचे."

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला माझं आजोळ आहे. मी पुण्यात सिस्टिम अॅडमिन म्हणून नोकरी करतो. २०२४ च्या उन्हाळ्यात जुन्या डेस्कटॉपचे भाव एकदम उतरले होते. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे जाहीर झालेलं होतं, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीची धडधाकट मशिनं कंपन्या लॉटने काढत होत्या. बुधवार पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे मी सहज भाव विचारला. आय-थ्री, चार जीबी रॅम, डबा ३,२०० रुपयांना. मी मनातल्या मनात हिशोब मांडला आणि मामाला फोन लावला. मामा शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. "आण की मग," एवढंच म्हणाला. रजिस्टरबद्दल तो काही बोलला नव्हता.

स्वस्त संगणकाचं स्वप्न आपल्याकडे नवीन नाही. शंभर डॉलरचा म्हणून जगभर गाजलेला 'एक मूल, एक लॅपटॉप' प्रकल्पाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत आला होता, भारतातला त्याचा पहिला प्रयोग म्हणून. मशीन खरंच अफलातून होतं. उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी शिरू नये म्हणून रबरी कीबोर्ड, आत लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा, मुलांसाठी बनवलेला 'शुगर' नावाचा पडदा-मांडणीचा कार्यक्रम. पण शंभर डॉलरची किंमत प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेली, आणि त्याचे सुटे भाग काही तालुक्याच्या दुकानात मिळण्यातले नव्हते. मी या प्रकल्पाबद्दल बरंच वाचलं होतं, म्हणून एक गोष्ट आधीच पक्की केली होती: ज्याचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठा), रॅम आणि माउस संगमनेरच्या दुकानात मिळतो, तेच मशीन घ्यायचं. दिसायला बोजड असलं तरी चालेल.

दहा डबे घेतले. आठ मांडायला आणि दोन फोडायला, म्हणजे सुट्या भागांसाठी. गुरुजींच्या रजिस्टरवरचा तोडगाही यातूनच निघाला. समितीने ठराव केला तो आठ संगणकांचा, देणगी म्हणून. वरचे दोन डबे मामाच्या माळ्यावर गेले, कागदोपत्री ते अस्तित्वातच नाहीत. केंद्रप्रमुखांनी ठराव दोनदा वाचला आणि विचारलं, "यात सॉफ्टवेअर कुठलं घालणार?" मी म्हटलं, लिनक्स, फुकट असतं. त्यावर ते म्हणाले, "फुकट म्हणजे चोरीचं का? तसलं शाळेत नको."

मला हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या गावांमध्ये फुकट सॉफ्टवेअर म्हणजे दुकानदाराने पन्नास रुपयांत मारून दिलेली सीडी, हाच वीस वर्षांचा अनुभव. परवाना, स्रोत, वापरण्याचं आणि बदलण्याचं स्वातंत्र्य असं मी बरंच काही सांगितलं. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. मग म्हटलं, केरळात सरकारी शाळांतले संगणक याच जातीच्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांच्या सरकारनेच शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण दिलंय. "असं होय," म्हणाले आणि सही केली.

त्यामानाने सॉफ्टवेअरचं काम किरकोळ निघालं. पुण्यात घरीच एका मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चढवला, लिब्रेऑफिस, मुलांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्री घातलं, आणि किविक्स या ऑफलाइन वाचकात अख्खा मराठी विकिपीडिया टाकला. लाखाच्या आसपास लेख आहेत, सगळे इंटरनेटशिवाय उघडतात. गावात रेंज शाळेमागच्या टेकाडावरच मिळते, त्यामुळे हे गरजेचंच होतं. मग क्लोनझिलाने त्या डिस्कची नक्कल बाकीच्या मशिनांवर मारली. एका रविवारी सगळं आटपलं. टेम्पोत डबे भरताना वाटलं, झालं की काम.

पहिला संगणक सुरू केला आणि एका पोराने डब्यावर हात ठेवून झटकन मागे घेतला. "सर, मुंग्या येत्यात." मी हात लावून पाहिला, तर खरोखर झिणझिण्या. दुसऱ्या डब्यालाही तेच. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटलेला. मशिनं चांगली होती. शाळेत अर्थिंगच नव्हतं. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्यामागे वायर नव्हती. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून जो थोडासा प्रवाह जमिनीत जायला हवा, त्याला वाट न मिळाल्याने तो पत्र्यावर येऊन बसतो. एरवी निव्वळ मुंग्या, पण त्यात एखाद्या मशीनचं इन्सुलेशन गेलं तर त्याच पत्र्यावर अख्खी लाइन. त्यात ओल्या फरशीवर अनवाणी पोरं. मी सगळ्या मशिनांची पिनं काढली आणि खोलीला कुलूप लावलं.

पुढचे तीन आठवडे संगणकाचं नावही निघालं नाही. राजूरहून एक वायरमन आला, त्याने शाळेमागे दगडाशी झुंजत खड्डा घेतला. प्लेट खाली सोडली, वर मीठ आणि कोळशाचे थर. कोळसा गावातल्याच एका घरातून आला, मीठ किराणा दुकानातून. दुकानदाराने एवढं मीठ कशाला म्हणून मामाला दोनदा विचारलं. जाड वायर खोलीपर्यंत ओढली, नवीन बोर्ड बसवले, गळती पकडून लाइन तोडणारा ब्रेकर लावला. खर्च आला १४,५०० रुपये, म्हणजे चार संगणकांच्या डब्यांहून जास्त. देणगी गोळा करताना मी मित्रांना संगणकाचे फोटो पाठवले होते, तेव्हा पैसे भराभर आले. खड्ड्याचा फोटो पाठवला तेव्हा एकाचेच आले.

तांदळाच्या गोण्या दुसरीकडे हलवायला गुरुजींनी स्वतःहून जागा शोधली. नाहीतर उंदरांनी नेटवर्कच्या वायरींचा फडशा पाडला असता.

मग मराठीची गंमत. गुरुजींच्या पेनड्राइव्हमध्ये सात-आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, सगळ्या कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तर 'मराठी'च्या जागी इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, मोठा बी, एच. गुरुजींचा चेहरा पडला. जुन्या फाँटांमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवलेला असतो. फाँट काढला की मुखवटा गळून पडतो. रूपांतर करणारी एक स्क्रिप्ट मी आणली होती, पण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे दर पानात दोन-चार शब्द लंगडे निघत. ते दुरुस्त करत आम्ही दोन संध्याकाळी बसलो. त्या बसण्यात गुरुजी माझे झाले, असं मला आजही वाटतं. त्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, बसलेली. लिनक्समध्ये रेमिंग्टन आराखडा सापडला, तोही युनिकोड, म्हणजे फाँट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरं, उमटवणारा, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा "हे बरंय" म्हटलं. पुण्याहून आलेल्या माझ्यासारख्यांसाठी त्यात इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचं गमभनसुद्धा आहे.

मुलांना मात्र इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी शिकवायची ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. बाराखडी येत असेल तर इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेला जावं लागत नाही. कळांवर चिकटवायचे स्टिकर आणले होते, ते पंधरा दिवसांत घामाने उचकटले. मग मुलांनीच जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कीबोर्ड रंगवून भिंतीवर लावला. सहावीतली एक मुलगी पहिला शब्द म्हणून 'शाळा' लिहायला बसली. एम दाबलं तर 'स' आला. तिने भिंतीकडे बघितलं, शिफ्ट धरून पुन्हा एम दाबलं, 'श' आला. मग काना. मग एन दाबलं तर 'ल'. यावेळी भिंतीकडे न बघताच तिने शिफ्ट धरलं. 'ळ' उमटल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "वर धरलं का जड अक्षर येतं." इनस्क्रिप्टचं याहून सोपं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

मेनूंमधल्या मराठीने मात्र हैराण केलं. 'संचयिका' काय, 'पूर्ववत करा' काय. मुलं सरळ अडखळत. एका खेळाची भाषांतराची फाइल मी त्यांच्यासमोर उघडली आणि विचारलं, इथे काय लिहू? 'पूर्ववत करा'च्या जागी 'मागं घे' आलं, 'समाप्त'च्या जागी 'बास'. फाइल खेळात बसवून तो पुन्हा सुरू केला, पडद्यावर 'बास' दिसलं आणि मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. हा बदल मी मूळ प्रकल्पाकडेही पाठवला होता. प्रमाणभाषेत नाही म्हणून त्यांनी तो नम्रपणे परत केला. आमच्या आठ मशिनांवर तो अजून तसाच आहे.

इन्व्हर्टरला पैसे उरले नाहीत. लाइट गेली की आठही पडदे एकदम काळे. त्यावर मुलांनीच उपाय काढला: एकजण घड्याळाशी बसतो आणि दर पाच मिनिटांनी ओरडतो, "सेव्ह!"

पहिल्या पावसाळ्यात भीती होती ती ओलीची. आमच्याकडे जूनच्या मध्याला सुरू झालेला पाऊस पोळ्यापर्यंत हटत नाही, भिंतींना हात लावला तर ओला होतो. जुलैत गुरुजींचा टेकाडावरून फोन आला. "सर, चार नंबर बोंबलतोय. लांब शिट्टी मारतो, पडदा येत नाही." रॅम असणार. मी फोनवर सांगत गेलो आणि पलीकडे सहावीतल्या दोघांनी डबा उघडला: पिन काढ, पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्या दाब, पट्टी बाहेर घे, सोनेरी कडा खोडरबराने घास, फुंकर मारू नको, थुंकी उडते. पट्टी परत बसवली. टक्क असा आवाज मला फोनवरसुद्धा आला. मग गुरुजी म्हणाले, "आला पडदा." त्यानंतर रॅमसाठी मला कधी फोन आलेला नाही.

फोन आला तो वेगळ्याच कारणाने. टेकाडावर मोबाइलवर इंटरनेट चालतं, पण तिथला मोबाइल लांब वायरने खोलीतल्या मशिनांना जोडला की त्यातल्या दोन मशिनांवर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणून अडवलं जातं. मी कोपऱ्यातली तारीख विचारली. १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. लाइट गेली की घड्याळ मागे जायचं आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या मशीनला भविष्यातली वाटायची. गुरुजींनी सांगितलं की एका मुलाने काढलेलं बैलाचं चित्र त्याच्या जन्माच्या आधीच्या तारखेला सेव्ह झालंय आणि ते तो सगळ्यांना दाखवत फिरतोय.

परवा मामाच्या फोनवरून मेसेज आला. मराठीत, युनिकोडमध्ये, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकता, म्हणजे मामाचा नक्की नव्हे. 'सर येताना सेल आणा. गोल. दोन हजार बत्तीस नंबरचे. पाच. आणि माळ्यावरचा एक डबा आम्ही उघडला आहे, मामांना विचारून.'