पाय धुणारा देव आणि दिंडीतली कामं

राजसूय यज्ञात धर्मराजाने कामं वाटून दिली. भीमाकडे मुदपाकखाना, दुर्योधनाकडे खजिना, नकुलाकडे सामानाची जमवाजमव, द्रौपदीकडे वाढणं, कर्णाकडे दानधर्म. श्रीकृष्णाकडे आलं पाहुण्यांचे पाय धुणं. भागवताच्या दशम स्कंधात ही वाटणी आहे. कीर्तनकार त्यात उष्ट्या पत्रावळी उचलण्याचीही भर घालतात. आणि त्याच यज्ञात अग्रपूजेचा, म्हणजे सगळ्यांआधी पूजा होण्याचा, मान मिळाला तोही त्यालाच.

आळंदी ते पंढरपूर चालताना आम्हाला कृष्णावतार कळतो तो या वाटणीतून. प्रवचनं होतात, सकाळच्या चालीत गौळणी होतात, ते सगळं गोड आहेच. पण देवाने माणसाचा देह घेऊन नेमकं काय केलं हे मुक्कामाच्या जागी, पाल ठोकून झाल्यावर जास्त समजतं.

पायांपासूनच सांगतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, मग पुण्यात दोन मुक्काम आणि तिथून सासवड. हा वारीतला सर्वांत लांब टप्पा, तीसएक किलोमीटरचा, वर दिवे घाटाची चढण. त्यात बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी असते. साबुदाणा खाऊन घाट चढणाऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात; मीठ आणि पाणी कमी पडणं हेही त्याचं एक कारण. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घाट लागायच्या आधी प्यायचं; गोळा आल्यावर प्यायलेलं लगेच कामाला येत नाही. खरे फोड सासवडच्या मुक्कामात दिसतात. नवे बूट घेऊन निघालेल्यांना हमखास येतात; बूट वा चप्पल किमान तीन-चार आठवडे वापरलेली हवी.

फुटला नसेल तर फोड फोडू नये. फारच ताणला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची. सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवण्याची जुनी रीत अजून चालते, पण पाऊस-चिखलात तोच दोरा घाण आत नेतो, म्हणून आमच्याकडे ती बंद आहे. रात्री कोमट पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग खोबरेल. मधुमेह असलेल्याला पुष्कळदा फोड आलेला कळतच नाही. त्याचे पाय रोज दुसऱ्या कुणीतरी बॅटरी लावून पाहायलाच हवेत, आणि जखम दिसली तर थेट वैद्यकीय पथकाकडे.

अडचण औषधाची नसते, संकोचाची असते. सत्तरीचे आजोबा तरुण पोराला पाय धरू देत नाहीत. ‘माउली, पाय द्या इकडं.’ ‘अरे राहू दे, पाप लावतोस का मला!’ मग तो पोरगा आधी त्यांच्या पाया पडतो, ते त्याच्या पाया पडतात, आणि त्या घोळात पाय बादलीत जातो. पाय धुणं अवघड नाही, धुऊन घेणं अवघड. राजसूयाला आलेल्या राजांची काय गत झाली असेल कुणास ठाऊक.

दुसरी शाळा चुलवणावर. शंभर माणसांच्या पिठल्याला पाच किलो बेसन आणि वीस-बावीस लिटर पाणी लागतं. अनेक माळकऱ्यांना कांदा-लसूण चालत नाही, म्हणून फोडणी जिरं, हिंग, हिरवी मिरची आणि हळदीची. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उकळत्या आधणात बारीक धारेने सोडायचं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने डाव फिरवत राहायचा. ओली लाकडं असली की आधणाची उकळी मोडते, बेसन कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धी दिंडी पोट धरून चालते. म्हणून कोरडं सरपण ट्रकमध्ये ताडपत्रीखाली, सगळ्यात वर.

मीठ एकानेच घालायचं. दोघा हौशी सेवेकऱ्यांनी प्रेमाने दोनदा घातलं की ते प्रेम शंभर जणांना भोवतं. सेवेतही अहंकार शिरतो तो असा, ‘माझ्या हातचं’ म्हणून.

भांडी घासायला तीन टपं: पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, आणि तिसऱ्यातलं पाणी गढूळ झालं की बदलायचं. इथे माणसं कमी पडतात. टाळ धरायला रांग, टपापाशी कुणी नाही. आमच्याकडे घासण्याची पाळी मानाच्या विणेकऱ्यालाही सुटत नाही. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन तो येतो, कारण वीणा खाली ठेवायची नसते. हा नियम प्रत्येक दिंडीने करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटेत मोकळ्या मैदानात घोडा गोल धावतो त्या रिंगणात ज्ञानेश्वर माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. घोडा धावून गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. मला तिथे द्रोणपर्व आठवतं. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे थकले, तेव्हा कृष्णाने ते सोडले, अंगातले बाण उपटले, हाताने चोळून त्यांना पाणी पाजलं. गीता सांगणाराच खरारा करतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउलींनाही नवल वाटतं ते देवाच्या सारथ्याचं.

भांडणंही होतात. तंबूच्या जागेवरून, पाण्याच्या टँकरवरून, चालीतल्या क्रमावरून. मुक्कामी सगळ्या दिंड्यांची मिळून होते त्या समाजआरतीला चोपदार, म्हणजे शिस्त राखणारा मानकरी, हातातला चोप (दंड) उंच धरतो आणि एवढा जमाव गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, मगच आरती. तक्रार दाबून आरती उरकायची नाही, ही रीत कौरवांकडे शिष्टाईला गेलेल्या कृष्णाला शोभणारी आहे.

आणि शेवटी आषाढी पौर्णिमेचा, पंढरपूरजवळच्या गोपाळपूरचा काला. कृष्णाने गाई-गोपाळांसह इथे मुक्काम केला अशी श्रद्धा आहे. भागवतातलं वनभोजनाचं चित्र फार बारकाईने काढलेलं आहे: मध्ये कृष्ण, बासरी कमरेला खोवलेली, डाव्या हातात दहीभात, बोटांच्या बेचक्यांत तोंडी लावणं, भोवती शिदोऱ्या सोडून बसलेली पोरं एकमेकांचं चाखताहेत. कीर्तनकार सांगतात, ते पाहून ब्रह्मदेवाला कोडं पडलं आणि त्याने वासरं पळवली. यज्ञातला हविर्भाग घेणारा हा देव उष्टं खातो कसा?

शंभर जणांच्या प्रसादापुरत्या काल्याला तीन किलो जाडे पोहे, एक किलो ज्वारीच्या लाह्या, पाच किलो दही, किलोभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दोन किलो काकडी, मिरच्या, आलं आणि लिंबाचं लोणचं पुरतं. पोहे नुसते धुऊन निथळायचे. मीठ अगदी शेवटी, नाहीतर काकडी पाणी सोडते. लाह्या वाढायच्या क्षणी, कारण थोड्या वेळात त्यांचा लगदा होतो. काला वाटून घ्यायचा नसतो, शेजारच्याच्या तोंडात घास घालायचा असतो. म्हणून पळी-चमचा नको, हात स्वच्छ धुतलेले हवेत, आणि त्यासाठी पाण्याचा ड्रम नि साबण परातीच्या आधी लावायचा.

पुष्कळ वारकरी एकादशीचं दर्शन, द्वादशीचं पारणं करून एसटी गाठतात. रजेचा प्रश्न असतो, समजतं. पण जमत असेल तर परतीचं तिकीट पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं काढा. काल्यानंतर पालख्या माघारी निघतात, ट्रक भरायला, पातेली मोजून चढवायला माणसं उरलेली नसतात, आणि तेव्हा चार हात जास्त मिळाले तर हवेच असतात.