२८ सेकंदांची क्लिप आणि माझे नऊ दिवस

राजकारण, तंत्रज्ञान आणि लोकप्रिय संस्कृती हे माझे तीन विषय. नोकरी नाही, लेखागणिक पैसे. या तिन्ही विषयांची डेस्कं वेगवेगळी, त्यामुळे माझ्या निम्म्या मेलना ‘हे आमच्याकडचं नाही, त्यांना विचारा’ एवढंच उत्तर येतं. ही क्लिप तिन्हींत बसत होती, म्हणून मी जरा हुरळलेच.

एक नेता मंचावरून बोलतोय, मागे एक गाजलेलं गाणं संथ लयीत चाललंय आणि नेत्याच्या तोंडी ऐकणारा दचकेल असं वाक्य आहे. आवाज जड, ओढल्यासारखा. बघणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता: एआय. २०२४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदारांना तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्या एआयने बनवलेल्या नकली आवाजात फोन गेले होते. तेव्हापासून कुठलाही विचित्र आवाज कानावर पडला की हीच शंका आधी येते. मलाही आली. ‘एआयने घडवलेलं भाषण कसं पसरलं’ अशी तीन ओळींची पिच, म्हणजे लेखाचा प्रस्ताव, संपादकांना पाठवली. ‘तीन दिवसांत द्या,’ ते म्हणाले.

पहिलं काम म्हणजे पुरावा जपणं. पोस्ट वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन केली. तिथे व्हिडिओ टिकेलच असा भरवसा नसतो, म्हणून तो वेगळा उतरवून घेतला आणि स्क्रीनशॉट काढले. मग आवाज तपासणारी दोन साधनं वापरली. एक म्हणालं, बहुधा कृत्रिम. दुसरं म्हणालं, बहुधा अस्सल. आवाजाखाली संगीत असलं की ही साधनं गोंधळतात. शिवाय एका ॲपवरचा व्हिडिओ दुसऱ्यावर चढवला की फाइल लहान करायला तो पुन्हा दाबला जातो, बारकावे जातात, मेटाडेटा म्हणजे फाइलसोबतची माहितीही गळते. तेव्हापासून या साधनांची टक्केवारी मी बातमीत लिहीत नाही.

काम झालं ते जुन्याच पद्धतीने. क्लिपमधल्या फ्रेम काढून त्यांचा उलटा शोध घेतला, म्हणजे चित्र देऊन ते आधी कुठे आलंय ते शोधलं. मंचामागचा फलक जुळला आणि मूळ भाषण सापडलं. ते १ तास १२ मिनिटांचं. सगळं ऐकण्याऐवजी आपोआप तयार झालेल्या सबटायटल्समध्ये शब्द शोधले. ते वाक्य कुठेच नव्हतं. त्याचा पहिला अर्धा भाग १७व्या मिनिटाला होता, उरलेला ५१व्या. आणि पहिल्या अर्ध्याच्या आधी नेता म्हणत होता, ‘आमचे विरोधक म्हणतात की...’. तेवढंच नेमकं छाटलेलं.

म्हणजे आवाज त्याचाच होता. एआय कुठेच नव्हतं, आणि माझी पिच मेली होती.

मग आवाज इतका जड का? मूळ भाषण आणि क्लिप ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावली. जे शब्द भाषणात ९ सेकंदांत संपत होते, त्यांना क्लिपमध्ये ११ लागत होते. २०१९मध्ये अमेरिकी नेत्या नॅन्सी पेलोसी यांचा व्हिडिओ असाच साधारण ७५ टक्के वेगावर आणून त्या बरळताहेत असं भासवलं गेलं होतं. इथेही तोच डाव असणार, असं मी धरून चालले. पुन्हा चुकले. उत्तर राजकारणात नव्हतं, गाण्यात होतं.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा डीजे स्क्रू नव्वदच्या दशकात गाणी संथ करून कॅसेटींवर भरायचा. आज पोरं गाणी तशीच संथ करतात, वर घुमारा चढवतात आणि आवडत्या नटांचे व्हिडिओ त्यावर कापतात. क्लिपमधल्या गाण्याची तीच संथ आवृत्ती वापरणारी खाती शोधत गेले, तेव्हा एका खात्यावर सगळ्यात जुनी प्रत मिळाली. तिच्या कोपऱ्यात ‘गंमत’ असं लिहिलेलं होतं. पसरलेल्या प्रतीत तो कोपराच कापला गेला होता. मी निरोप टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘ताई, अर्थ मी बघितलाच नाही. ताल जुळत होता. गाणं आणि व्हिडिओ दोन्ही एकदमच स्लो केलं.’ पुढे बोलताना कळलं, पोरगा शाळेत शिकतो. त्याचं नाव आणि खातं छापायचं नाही, यावर संपादकांशी अर्धा तास वाद झाला. तेवढा एक वाद मी जिंकले.

नेत्याच्या कार्यालयाला प्रश्न पाठवून चोवीस तासांची मुदत दिली. त्यांनी तोवर ‘हे एआयचं कारस्थान’ असं पत्रक काढलेलं होतं. त्यांचा फोन आला. ‘म्हणजे आवाज खरा आहे, असं तुम्ही लिहिणार?’ मी म्हटलं, आवाज खरा, वाक्य खोटं, दोन्ही लिहिणार. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. त्यांच्या माणसावर अन्याय झाला होता हे मान्य, पण एआयची सबब आयती मिळाली की उद्या खरी क्लिपही याच खात्यात टाकता येते, आणि ते फोनवरच्या माणसालाही ठाऊक असावं.

संपादकांना सांगणं जास्त अवघड गेलं. ‘एआय नाही, मग बातमी काय उरली?’ ते म्हणाले. मी दोन्ही टाइमकोड पाठवले, सोबत कापलेला कोपरा. तासाभराने ‘लिहा’ एवढंच आलं. तीन दिवसांचे नऊ झाले होते, मानधन ठरलं होतं तेवढंच. फिरताना, शोधताना गेलेला वेळ बिलात कुठल्या रकान्यात टाकायचा हे मला अजून जमलेलं नाही.

राजकारणाच्या डेस्कने लेख तंत्रज्ञानाकडे ढकलला, तंत्रज्ञानाने एकदा परत पाठवला आणि शेवटी तिथेच लागला. मजकुरात एकही शब्द बदललेला नव्हता. वर चित्र होतं निळ्या उजेडातल्या यंत्रमानवाचं. मी फोन केला तर संपादक म्हणाले, ‘चित्रांचं माझ्याकडे नाही, त्यांना विचारा.’